फारिन वाताचा तुंबा

१

फारिन वाता पडलेला नव्हता, बसलेलाही नव्हता. तो उभा होता, आणि तेच बघवत नव्हतं.

पुढचे दोन्ही पाय त्यानं लांब पुढे टाकले होते, मागचे पोटाखाली ओढून घेतले होते आणि सगळं अंग मागं रेलून धरलं होतं. जणू समोरची जमीन कुणी काढून घेतली होती आणि तो काठावर थबकला होता. मोतद्दारांनी लगाम ओढला, चुचकारलं, मेख उपटून दावं सैल सोडलं. पांढराशुभ्र घोडा तसूभर हलला नाही. त्याच्या मानेवरून घामाचा एकच थेंब ओघळत होता, आणि पागेत जमलेली वीसेक माणसं त्या थेंबाकडे बघत उभी होती.

मोठ्या ईदेच्या दिवशी बिरनीन कुकाचे सार्की, म्हणजे गावचे राजे, याच घोड्यावरून गावाला दर्शन द्यायचे. आज सोमवार, आणि ईद नऊ दिवसांवर आली होती.

"विष," यारिमा म्हणाला. तो सार्कींचा पुतण्या. पागेतला इस्का हा दौडीचा घोडा त्याचा. "दुसरं काही नाही. म्हाताऱ्या जताउनं विष घातलंय."

"काहीतरीच काय, यारिमा!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"काहीतरीच? मग कोठीत चला. महिन्यात घोड्यांच्या पोटात वीस पोती चंदी जायची होती ना? सव्वीस गेली. सहा पोती या बाबानं बाहेर काढली, आणि आता चोरी उघडी पडणार म्हणून घोड्याला काहीतरी चारलं. आणि ज्या दिवसापासून चारही घोड्यांना एकाच पोत्यातली चंदी आली, त्या दिवसापासून तो शिव्या घालतोय, हे कुणाला माहीत नाही?"

जताउ, पागेचा थोरला मोतद्दार, चाळीस वर्षं याच मेखांमध्ये वावरलेला, भिंतीला टेकून उभा होता. मोतीबिंदूनं पांढुरलेले डोळे घोड्याच्या दिशेनं लावून तो एवढंच म्हणाला, "त्याला सावलीत घ्या आधी. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

दहा मिनिटांत सार्कींचा हुकूम आला. शुक्रवारच्या नमाजेपर्यंत सत्य समोर आलं नाही, तर जताउनं पागेचा उंबरठा कायमचा सोडायचा. तोवर त्यानं आत पाऊल टाकायचं नाही. आणि छडा लावायचा लाराबानं, कारण ती चंदी तिनंच निवडली होती.

लाराबा झारियाच्या विद्यापीठातून पशुशास्त्र शिकून आलेली, गावच्या गुरांच्या दवाखान्यात नेमलेली तरुणी. ती घोड्यापुढे उकिडवी बसली आणि तिनं त्याच्या खुरावर तळहात ठेवला. खूर तापलेल्या तव्यासारखा लागला. टापेच्या वरच्या खोबणीत दोन बोटं दाबली, तर नाडी ढोलावर टिपरी पडावी तशी ठणठणत होती.

हे दुखणं तिनं पुस्तकात वाचलं होतं, आणि वाचताना तिच्या अंगावर काटा आला होता. घोड्याच्या खुराच्या आत कागदाएवढ्या पातळ पापुद्र्यांच्या शेकडो घड्या असतात. बाहेरच्या कठीण नखाला आतलं हाड त्या घड्यांनी धरून ठेवलेलं असतं. एवढं धिप्पाड जनावर, त्याचं धावणं, त्याच्या पाठीवरचा राजा, सगळं त्या पापुद्र्यांना लटकलेलं. आज तेच पापुद्रे सुजले होते.

आणि फारिन वाताची जाडजूड, कमानदार मान बघता ते विषानं सुजलेले नव्हते.

ते फार खाल्ल्यानं सुजले होते. ज्या पागेतून चंदी चोरीला गेली म्हणत होते, त्या पागेतला घोडा अति खाऊन आजारी होता.

२

"ये, ये. कात्सिनाची न्यायाधीश आली," जताउ आपल्या घराच्या ढेलजेत चटईवर बसून म्हणाला. "बस. फास आणलायस की आधी पाणी पिशील?"

कात्सिनाच्या आणि गोबीरच्या माणसांनी एकमेकांची टिंगल करायची आणि कुणी राग मानायचा नाही, हा बापजाद्यांचा रिवाज. जताउ गोबीरचा. लाराबानं चपला काढल्या.

"पाणी द्या. गोबीरच्या माणसाच्या घरी दुसरं काही मागितलं तर ते शेजाऱ्याचं निघायचं."

जताउ हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला असेल. लाराबाला मात्र हसू पेलवेना. या माणसाला घालवायला आपण कारण झालो, हे तिला सोमवारपासून टोचत होतं.

पूर्वी पागेत पाच मडकी असत. ज्वारी, कोंडा, चवळीची टरफलं, शेंगदाण्याची पेंड आणि खारी माती. कुणाला कशातलं किती, हे फक्त जताउच्या डोक्यात. मागल्या वर्षी तो तीन आठवडे तापानं आडवा झाला, तेव्हा मडकी सगळ्यांना दिसत होती आणि रीत कुणालाच ठाऊक नव्हती. झाबुवा घोडी पोटफुगीनं मरता मरता वाचली. तेव्हा सार्कींनी लाराबाला सांगितलं होतं, एकच काहीतरी निवड, जे कुणालाही घालता येईल.

चार घोडे, चार तऱ्हा. इस्का दररोज दौडणारा. झाबुवा गाभण. त्सोहो सत्तावीस वर्षांचा, तोंडात एक धड दाढ नाही. आणि फारिन वाता, ज्याला वर्षातले दहा महिने काम नाही आणि जो वाऱ्यावरही सुटतो. लाराबानं महिनाभर डोकं खाजवलं होतं. धान्यानं ठासलेली, अंगावर चकाकी आणणारी चंदी तिनं आधीच बाजूला सारली. इस्काला ती पचली असती, फारिन वाताला नाही. मग तिनं प्रश्न उलटा करून पाहिला. सगळ्यांत जास्त कुणाला लागतं हे न बघता, सगळ्यांत कमी कुणाला सोसतं ते बघितलं. कडब्या-पाल्याचा चुरा जास्त, धान्य बेताचं, खार आत मिसळलेला, आणि सगळं दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या केलेल्या. पाण्यात भिजवल्या की लापशी होते, बिनदाताच्या त्सोहोला तीच. ज्याला कमी हवं त्याला कमी, ज्याला जास्त हवं त्याला जास्त. वेगळेपण पोत्यात नाही, मापात.

आणि जताउला आकडे दिसत नव्हते, म्हणून प्रत्येक घोड्याचा वेगळा तुंबा, वाळक्या भोपळ्याचं माप. हात लावला की कळावा. इस्काचा, झाबुवाचा आणि त्सोहोचा उभट, खोल. फारिन वाताचा परातीसारखा पसरट आणि उथळ. त्याला सगळ्यांत कमी द्यायचं होतं, पण सार्कींच्या घोड्याला वाटीएवढ्या भांड्यातून वाढलेलं गावानं खपवून घेतलं नसतं. दिसायला सगळ्यांत मोठा आणि मावायला सगळ्यांत लहान असा तुंबा शोधताना लाराबानं अख्खा बाजार पालथा घातला होता. त्या युक्तीचा तिला मनातून अभिमान होता.

"बाबा, खरं सांगा. फारिन वाताला किती घालत होता?"

"एक तुंबा सकाळी, एक संध्याकाळी."

"कधी दोन?"

"पोरी, मला चंदी आवडली नाही. एका पोत्यातलं चौघांना म्हणजे एक टोपी गावभर फिरवल्यासारखं. मी शिव्या दिल्या, अजून देईन. पण मी हो म्हटलं होतं. हो म्हटल्यावर जताउ दुसरा तुंबा घालत नाही."

"ज्वारी? लपवून, लाडानं?"

"नाही."

"मग तो इतका खाऊन बसला कसा?"

जताउनं मान हलवली. मग म्हणाला, "तू शिकलेली, तूच सांग. तुम्हा कात्सिनावाल्यांना मोजायचं छान जमतं. वाढायचं तेवढं जमत नाही."

टिंगलच ती. लाराबानं पाणी संपवलं आणि ती उठली. उंबऱ्यात तिला त्याचा आवाज ऐकू आला.

"त्याचे पाय नदीच्या ओल्या वाळूत ठेवा. आणि डावा उचलताना आधी कानाशी बोला, नाहीतर तो उचलू देत नाही."

३

विज्ञानाची एक सोय असते. माणसावर विश्वास ठेवावा की नाही हे कळेना, तर वस्तूला विचारता येतं.

पहिली वस्तू तुंबा. कुणी बदलला का? लाराबानं दवाखान्यातली काचेची मापनळी आणली आणि फारिन वाताचा तुंबा काठोकाठ पाण्यानं भरला. एक लिटर आठशे. महिन्यापूर्वी तिनं वहीत लिहिलेला आकडा तोच. तुंबा तोच होता, तेवढाच होता.

दुसरी वस्तू पोती. सव्वीस रिकामी पोती तिनं उन्हाकडे धरून पाहिली. उंदरानं पाडलेलं एकही भोक नाही. शिलाईही साध्या दोऱ्याची, मूळचीच.

तिसरी वस्तू लीद. यारिमाची माणसं नाक मुरडून बघत राहिली आणि लाराबानं फारिन वाताची आदल्या दिवसाची लीद बादलीत कालवून चाळणीवर धुतली. ज्वारी खाल्ली असती तर फुटकी टरफलं वर राहिली असती. ऊस खाल्ला असता तर लांब, चिवट दोरे. चाळणीवर राहिला तो कडब्या-पाल्याचा बारीक, एकसारखा चुरा.

ती चाळणी हातात धरून उभी राहिली. घोड्यानं बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं. त्यानं पोत्यातलंच खाल्लं होतं आणि खूप खाल्लं होतं.

"सापडलं का काही, डॉक्टरबाई, त्या घाणीत?" यारिमा दारात उभा होता. त्याच्या हातात उसाचं कांडं होतं.

"ऊस नाही सापडला," लाराबा म्हणाली. "तुमच्या दृष्टीनं बरं झालं."

यारिमानं कांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा इस्कासाठी. आणि तू काय विचारणार ते मला कळलं. होय, मिरवणुकीत सगळ्यांत पुढं चालावं असं मला वाटतं. तो घोडा मला हवा, हेही खरं. काका असताना मिळणार नाही, हेही खरं. पण मला तो चालता हवाय. लंगडा घेऊन मी काय करू, त्याच्या पाठीवर बसून भीक मागू?"

"तुमच्या माणसांपैकी कुणी त्याला जास्तीचं घातलं असेल?"

"जताउच्या डोळ्यादेखत? म्हातारा आंधळा झालाय, पण त्या घोड्यानं कान हलवला तरी त्याला ऐकू येतं." स्वतःच्याच तोंडून हे निघाल्यावर यारिमा जरा चपापला. मग त्यानं आवाज चढवला. "म्हणूनच म्हणतो, दुसरा कुणी असूच शकत नाही!"

त्याचं चूक नव्हतं. कोठीची किल्ली जताउच्या कमरेला. चंदी घालणारा जताउ. आणि जताउ शपथेवर सांगत होता, एका वेळी एकच तुंबा. एका दिवसाला दोन, अठ्ठावीस दिवसांचे छप्पन्न. छप्पन्न तुंब्यांत घोडा आजारी पडूच शकत नव्हता, आणि सहा पोती हवेत विरूही शकत नव्हती.

म्हणजे म्हातारा खोटं बोलत होता. बुधवारी दुपारी लाराबानं वहीत हे वाक्य लिहिलं आणि ते बघत ती बसून राहिली. लिहिलं तर होतं, पण पेन मिटवेना.

४

पागेच्या उत्तरेला सार्कींच्या आत्याचं घर. डेला आत्यांचं वय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या खिडकीतून चारही मेखा दिसत, आणि नवरा गेल्यापासून त्या खिडकीत बसून पागा बघणं हाच त्यांचा दिनक्रम.

"आलीस? मला वाटलं, मला विचारायला तुला ईद उजाडेल," गुरुवारी सकाळी त्यांनी लाराबाचं स्वागत केलं. "सगळ्या पुरुषांना विचारून झालं, घोड्याच्या शेणालाही विचारून झालं, मग आत्या आठवली."

"चुकलंच, आत्या."

"बस. वडे खा. चवळीचे आहेत, गरम आहेत. हं, विचार."

"बाबा जताउ फारिन वाताला किती तुंबे घालायचे?"

"एक."

"तुम्ही रोज बघत होता?"

"अगं, मी त्याच्या आधी उठते. एक सकाळी, एक संध्याकाळी. त्या माणसानं एकदाही कोठीत दुसरी खेप केली नाही. शुक्रवारी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि तो यारिमा मध्ये बोलला तर त्याचं लहानपणीचं अंथरूण कोण धुवायचं तेही सांगणार आहे."

लाराबा हसली, पण तिचं मन खाली खाली गेलं. साक्षीदारही म्हणतो एकच.

"काय काय करायचे ते, नीट सांगा ना. अगदी बारीकसारीक."

डेला आत्यांनी डोळे मिटले. "कोठीतून यायचा. तुंबा दोन्ही हातांवर, छातीशी धरलेला. हळूहळू चालायचा, पाय जमिनीला चाचपत. घोड्यापुढे आला की थांबायचा. मग वरून हात फिरवायचा, असा. तान्ह्या बाळाच्या टाळूवरून फिरवतात ना, तसा. मग पाटीत ओतायचा. माझ्या नवऱ्यानं मला चाळीस वर्षांत कधी इतक्या मायेनं वाढलं नाही."

लाराबानं वहीत लिहिलं, "माया". मग ते खोडलं. मायेचं वजन नसतं.

"जाताना शेंगा घेऊन जा," आत्या म्हणाल्या. "आमच्या शेतातल्या. सोलून ठेवल्यात." त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यात एक पसरट थाळी खुपसली आणि वर काढली. दाणे काठाच्या वर डोंगरासारखे आले होते. काही घरंगळले. आत्यांनी डाव्या तळव्यानं तो डोंगर वरून, कडेनं, हलकेच थोपटला, दाणे बसवले, आणि आणखी एक मूठ शेंड्यावर सोडली.

तान्ह्या बाळाच्या टाळूवरून फिरवतात, तसा हात.

लाराबा त्या थाळीकडे बघत राहिली. तिचा हात पुढे झालाच नाही.

"काय गं? कमी वाटलं?"

"आत्या," तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "तुम्ही हे काठाशी सपाट का नाही केलंत?"

डेला आत्यांना प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांचा चेहरा दुखावला. "सपाट? घरी आलेल्याला? मला काय तू मेल्याच्या घरचं काटेकोर वाटप करणारी समजलीस?"

"थोडा वेळ थाळी देता मला? आणि एखादा खोल गडू?"

५

शुक्रवारची नमाज झाली. सार्की कडुनिंबाच्या सावलीतल्या ओट्यावर बसले, पगडीच्या पदरानं तोंड अर्धं झाकलेलं. त्यांच्या उजव्या हाताला हुजऱ्या उभा, कारण सार्की चारचौघांत मोठ्यानं बोलत नसत. समोर गाव. एका बाजूला यारिमा, दुसऱ्या बाजूला जताउ. त्याच्या बगलेत कपड्यांचं बोचकं होतं. तो जायच्या तयारीनंच आला होता.

लाराबानं तीन वस्तू आणवल्या. एक पोतं चंदी, फारिन वाताचा तुंबा आणि दवाखान्यातला करडं तोलायचा लटकता काटा.

"दीर्घायुषी व्हा, सरकार," तिनं वाकून म्हटलं. "बाबा जताउंनी एकदा चंदी भरून दाखवावी. रोज भरायचे तशी."

जताउनं बोचकं खाली ठेवलं. त्यानं तुंबा पोत्यात घातला आणि वर काढला. कांड्यांचा तांबूस डोंगर काठावर उभा राहिला. तुंबा छातीशी धरून त्यानं वरून हात फिरवला, घरंगळू पाहणाऱ्या कांड्या जागेवर बसवल्या, आणि एक मूठ शेंड्यावर सोडली. गर्दीतलं कुणीही चकित झालं नाही. सगळे आयुष्यभर असंच भरत आले होते.

लाराबानं तो तोलला. "दोन किलो सहाशे."

मग तिनं तुंबा रिकामा केला, पुन्हा भरला, आणि एक सरळ काठी काठावरून फिरवून वरचा सगळा डोंगर खाली पाडला. गर्दीतून नापसंतीचा हुंकार उठला. एक बाई बोललीच, "शी! सावत्र आईचं माप!"

"एक किलो शंभर," लाराबा म्हणाली.

हुंकार थांबला.

"सरकार, बाबांनी एकच तुंबा घातला. डेला आत्यांनी बघितला तोही एकच. कुणी खोटं बोललं नाही. मी सांगितलेला तुंबा आणि त्यांनी घातलेला तुंबा एकच होता, पण मी काठाखालचं मोजलं आणि त्यांनी काठावरचंही दिलं. वरच्या डोंगरात, त्या शिगेत, खालच्यापेक्षा जास्त चंदी होती. फारिन वातानं महिनाभर दुपटीहून जास्त खाल्लं. सहातली तीनच्या वर पोती त्याच्या एकट्याच्या पोटात गेली."

"आणि बाकीची?" यारिमा पुढे झाला. "बाकी घोडे का नाही पडले? त्यांनाही शीग लावूनच घालत होता ना?"

"चांगलं विचारलंत," लाराबा म्हणाली, आणि तिनं इस्काचा उभट तुंबा मागवला. जताउनं तोही भरला. शीग त्यालाही आली, पण छोटी, टोपीएवढी. "शिगेचा उतार कांड्या ठरवतात, आपण नाही. उतार ठरलेला, त्यामुळे काठ जेवढा रुंद तेवढी शीग उंच चढते. तोंड दीडपट रुंद केलं, तर वरची शीग दीडपट होत नाही, तिपटीहून जास्त होते. इस्काच्या, झाबुवाच्या, त्सोहोच्या तुंब्यांवर मुठी-दोन मुठी जास्त जात होतं. ते घोडे काम करतात, पोटात पिल्लू वाढवतात, म्हातारपण भरून काढतात. त्यांनी ते जिरवलं. बाकीची पोती तिथं गेली. सगळ्यांत पसरट तुंबा नेमका त्या घोड्याला होता, ज्याला सगळ्यांत कमी सोसत होतं."

"तो पसरट तुंबा कुणी आणला?" हुजऱ्यानं विचारलं. प्रश्न सार्कींचा होता.

लाराबानं काठी खाली ठेवली. इथवर ती धडा शिकवावा तसं बोलली होती.

"मी, सरकार. बाजार पालथा घालून मीच आणला. आणि मी तो पाण्यानं मोजला. पाण्याला शीग येत नाही. मी याच मुलखात वाढले, माझ्या आईनं जन्मात कधी काठी फिरवून माप दिलं नाही, आणि तरी मोजताना मला ते आठवलं नाही. सांगायचं होतं तेवढंच मी बाबांना सांगितलं नाही. चोर नाही, विष नाही. चूक आहे आणि ती माझी आहे."

जताउचा चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला वळला होता. त्याच्या पांढुरल्या डोळ्यांत पाणी होतं का, की ते नेहमीच तसे दिसत, हे लाराबाला कळलं नाही.

सार्की हुजऱ्याकडे झुकले. मग त्यांनी विचार बदलला, तोंडावरचा पदर खाली केला आणि स्वतःच्या तोंडानं बोलले. गावातल्या निम्म्या लोकांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

"जताउ, तुझं बोचकं घरी पाठव. तुला पागेत काम आहे."

मग लाराबाकडे वळून, "हात आखडून दिलं असतं, तर मी त्याला घालवला असता. भरभरून दिलं, म्हणून घोडा आजारी पडला. आता तूच सांग, मी त्याला काठी फिरवायला सांगू?"

"नाही सरकार. ते त्यांना जमायचं नाही आणि जमू नये. मी शीग धरून मोजते. तुंबे पुन्हा निवडते."

"आणि ईदेला?" यारिमाला राहवेना.

"ईदेला फारिन वाता वाळूत उभा राहील," सार्की म्हणाले. "मी इस्कावर बसेन. तू चालत ये, यारिमा. पुढंच चाल. तुला पुढं चालायचं होतं ना?"

डेला आत्यांचं हसू सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत शेवटपर्यंत ऐकू आलं.

६

शनिवारी सकाळी फारिन वातानं पहिलं पाऊल टाकलं. ओल्या वाळूतून, अंदाज घेत, काचेवर चालावं तसं. जताउ त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता. ते ना लाराबाला कळलं, ना तिनं विचारलं. तिनं खोबणीत बोटं दाबली. नाडी अजून होती, पण टिपरीची नव्हती, दूरच्या ढोलाची होती. घड्यांनी हाड धरून ठेवलं होतं.

मग दोघं कोठीच्या दारात बसली. त्यांच्यामध्ये नवे तुंबे, पोतं आणि काटा. जताउनं शीग लावायची, लाराबानं तोलायचं. फारिन वातासाठी अरुंद तोंडाचा, उंच मानेचा तुंबा सापडला. वर नक्षी होती, राजाच्या घोड्याला शोभेल असा. शीग लावून बरोबर एक किलो शंभर.

"घे, कात्सिना," जताउ म्हणाला. "आता तुझंही माप झालं आणि माझंही वाढणं झालं." मग तो म्हणाला, "ते काल तू म्हणालीस, उतार आपण ठरवत नाही. ते मला दाखव."

"दाखवू कसं? तुम्हाला दिसत…"

"हाताला दाखव."

लाराबानं जमिनीवर कापड अंथरलं आणि उंचावरून कांड्या ओतल्या. ढीग झाला. जताउनं त्याच्या कडेवर तळहात टेकवला. तिनं आणखी ओतल्या. ढीग वाढला, कडा घसरली, आणि पुन्हा त्याच्या तळव्याला टेकली. तोच उतार. त्यानं स्वतः मूठभर शेंड्यावर टाकल्या. क्षणभर उतार चढला, मग कांड्या सळसळत खाली आल्या आणि ढीग पुन्हा पहिल्यासारखा बसला.

तो उठला, चाचपत अंगणात गेला, सुकी वाळू ओंजळीत घेतली आणि हळूहळू सोडली. त्या ढिगालाही हात लावला. हा उतार वेगळा होता. पण पुन्हा सोडली, पुन्हा तोच. विद्यापीठात हे लाराबाला एका वाक्यात शिकवलं होतं, परीक्षेत दोन गुणांना आलं होतं. तिनं कधी त्यावर हात ठेवला नव्हता.

जताउ वाळूच्या त्या वीतभर डोंगरापाशी उकिडवा बसला होता. बोटांच्या टोकांनी त्याची कड अगदी हळू, मोडू नये अशी चाचपत होता.

"चाळीस वर्षं," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज मशिदीत येतो तसा खाली आला होता. "चाळीस वर्षं रोज दोनदा, पोरी. मला वाटायचं, शीग मी लावतो."